हाळगडाचा अडसर

मी भूत मानत नाही. घरात बौद्ध धर्माची दीक्षा झाली तेव्हा वडिलांनी देव्हारा उचलून वेदगंगेत सोडला. भुतंही त्याच्यासोबतच गेली. म्हणून जे झालं तेवढंच सांगतो.

निपाणीपासून तासाभरावर हाळगड आहे. चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत गेली. आता दर रविवारी लोकांना गड दाखवतो. कंपनी सरकारविरुद्ध इथं बंड झालं होतं. तेव्हा दारावर आमचा भिकनाक होता, माझ्या आजोबांचा आजा. गड पडला आणि गावानं ठरवून टाकलं की दार भिकनाकनंच उघडून दिलं. शाळेत मला पोरं ‘फितुराचं बेणं’ म्हणायची. तिसरीत शाळा सोडली. तेव्हापासून एकच सांगत आलो, भिकनाक दारामागचा आडवा वासा, अडसर, धरूनच मेला. त्यानं दार उघडलं नाही.

गेल्या एप्रिलात बेळगावच्या शिक्षकांची गाडी आली. ऊन रणरणत होतं. निम्म्या पायऱ्यांवरच शामू सर म्हणून एकजण बसले.

“सत्याप्पा आण्णा, बंड का झालं कळलं मला.”

“का झालं?”

“एकदा वर आल्यावर परत उतरायचा कंटाळा आला असंल.”

सगळे हसले. मी नाही हसलो.

दाराला आता फळ्या नाहीत. दगडी चौकट आहे आणि उजव्या भिंतीत अडसर सरकवायचं चौकोनी भोक. हात खांद्यापर्यंत आत जातो. माझं सांगून झालं. मंडळी उतरू लागली, तशी तेजस्वी मॅडम मागं राहिली. ही कॉलेजात इतिहास शिकवते, बंडाच्या जागांवर पुस्तक लिहिते.

“आण्णा, राग मानू नका. एक कागद मिळालाय. कंपनीच्या साहेबाचा.”

“काय म्हंतोय सायब?”

“अडसर मोडला नव्हता. आतून मागं सरकवला होता.”

“सायब आत हुता व्हय बघायला?”

“मी खाली पाचपर्यंत थांबते. तुमच्या घरात काय सांगतात ते मला सांगा. नाहीतर पुस्तकात साहेबाचंच जाईल.”

ती गेली. मी देवडीत, पहारेकऱ्याच्या ओट्यावर, टेकलो. गुडघे दुखत होते. सत्तर वर्षं एकच गोष्ट सांगून सांगून जीभही दमली होती. वारा पडला. पाखरांचा आवाज थांबला.

मग वास आला. ओल्या घागरीचा. गडावरची टाकी माघातच आटलेली, खालच्या झऱ्याशिवाय कुठं पाणी नाही. पायऱ्यांवर पावलं वाजली. अनवाणी, जड. डोक्यावर ओझं असलेल्या बाईची.

“आवं... दार...”

मी वाकून बघितलं. उन्हात पायऱ्या मोकळ्या होत्या.

उठून निघावं म्हणून भिंतीला हात टेकला, तो भोकात गेला. आत लाकूड होतं. थंड, तेल पाजलेलं. मुठीत धरवेल एवढं टोक.

“पाणी आणलंया... दार काढा...”

आवाजात भीती नव्हती. नुसता शीण होता. तिच्या मागं आणखी पावलं, आणखी बायका. आणि त्यांच्याही मागं, बऱ्याच खालून, नालाच्या बुटांचा आवाज. शेकडो बूट. घाई नाही, एका तालात.

दार उघडलं तर कोण कोण आत येणार, ते मला कळत होतं. भिकनाकलाही कळलं असणार.

“आवं...”

मी अडसर मागं ओढला. खांद्यात काहीतरी तुटलं. ओलं लुगडं माझ्या हाताला घासून गेलं. एक. मग दुसरं. तिसरं... मग बूट आले. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा भोकात कोळ्याची जाळी होती आणि माझा हात लोंबत होता.

खाली गाडीपाशी तेजस्वी उभी होती.

“दार आमीच उघडलं,” मी म्हणालो. “लिव्ह.”

तिनं वही उघडली. मग हळूच म्हणाली, “का उघडलं, आण्णा?”

“बायका पान्याला गेलत्या. भाईर हुत्या.”

“हे कुठं लिहिलंय?”

“कुटं न्हाय. आता तू लिव्ह.”

तिनं लिहिलं. पुस्तक छापून आलं. नात रचनानं मला ते पान दोनदा वाचून दाखवलं. गावातलं कुणी आता काही म्हणत नाही.

खांद्याची शीर तुटली म्हणतात डॉक्टर. उजवा हात छातीच्या वर जात नाही. डावा वखारीत असतानाच अधू झालेला. घरात मी आणि रचना, दोघंच. रोज दिवेलागणीला ती दाराला कडी घालते. सकाळी दार सताड उघडं असतं आणि उंबऱ्याच्या आत फरशी ओली.

“आजोबा, कडी तुमी काढतायसा व्हय?”

“व्हय,” मी म्हणतो. पोर भिऊ नये म्हणून.

कडी वरच्या चौकटीला आहे. रचनालासुद्धा स्टुलावर चढावं लागतं.