नाकाड्याला न कळलेलं तिरफळ

ज्या माणसाला कसलाच वास येत नाही, त्याने चोरून फासलेला बाम पकडला कसा? हे कोडं उल्काला पडलं तेव्हा चोर तीच होती. त्यामुळे ते विचारायचं कुणाला, हीसुद्धा पंचाईतच.

उल्काचे आजोबा, डॉक्टर धुरी, मसाल्याच्या झाडांचे शास्त्रज्ञ. वेंगुर्ल्याला घराच्या मागच्या खोलीत त्यांची प्रयोगशाळा होती. बागायतदार मिरी, दालचिनी, जायफळ पाठवत आणि माल अस्सल आहे की भेसळीचा, हे आजोबा नुसत्या वासावरून सांगत. मग त्यांना एक साधासा ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेण्याची शक्ती घेऊन गेला. तेव्हापासून आजोबांचं नाक म्हणजे उल्का. डबी उघडायची, डोळे मिटून हुंगायचं आणि मनात येईल ते बोलायचं. "ओल्या लाकडासारखा, मागून गोड," असं काहीतरी ती सांगे आणि त्यावरून आजोबा निकाल देत.

हुंगता हुंगता ती शिकलीही. लवंग म्हणजे न उमललेली कळी. दालचिनी म्हणजे झाडाची आतली साल. हळद हे मूळ नव्हे, जमिनीखाली वाढणारं खोड. जायफळ ही बी, आणि त्याच बीला बिलगलेली लाल जाळी म्हणजे जायपत्री. दगडफूल तर फूलच नाही. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून दगडावर थाटलेला संसार. वर्गात हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं आणि उल्का ते कुणाला विसरू देत नव्हती.

एक दिवस पुण्याहून खोका आला आणि खोक्यातून निघाला यंत्रमानव. नाव गंधज्ञ, उंची उल्काएवढी आणि चेहऱ्याच्या मधोमध चहाच्या गाळणीएवढी जाळी. जाळीमागे संवेदक (हवेतले वासाचे कण ओळखणारे बारीक तुकडे). उल्काने बघताक्षणी त्याला नाकाडा म्हणून टाकलं. नाकाड्याने पहिल्याच दिवशी मिरी हुंगून ती उन्हात वाळवलेली की धुराजवळ, तेही सांगितलं. आजोबा म्हणाले, "शाब्बास." त्याला. उल्काने हातातली डबी ठक्कन मिटली.

त्यानंतर तिला फार अभ्यास असायचा. तो ती नेमका प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून करायची, म्हणजे आतलं सगळं ऐकू येई. नाकाडा चुकत नव्हता, ते एक झालं. पण तो नम्रही होता, हे जास्त झोंबायचं. "उल्काताई, आपणही हुंगून पाहता का?" असं तो रोज विचारायचा आणि मला सर्दी आहे, असं ती रोज सांगायची. आजोबांना आता आपलं नाक लागत नाही. मग आपण तरी कशाला लागू? पुस्तकाचं तेच पान समोर धरून ती एवढंच घोकत होती.

शनिवारी सकाळी तिने बाबांची बामाची बाटली घेतली आणि नाकाड्याच्या जाळीवर बोटभर बाम फासला.

काम सुरू झालं. आजोबांनी लवंग पुढे केली. नाकाडा म्हणाला, कापूर, पुदिना, निलगिरी. दालचिनी? कापूर, पुदिना, निलगिरी. हळद? तेच. आज सगळ्या मसाल्यांना पडसं झालेलं दिसतं, असं आजोबा पुटपुटले. त्यांनी जाळीवरून बोट फिरवलं, काही दिसेना म्हणून चष्मा सारखा केला, वरचा ओठ खाजवला आणि एकदम थांबले.

"उल्का, ती बाटली घेऊन ये गो."

ती खाली मान घालून आली. रागावण्याची वाट बघत राहिली, पण आजोबांचा चेहरा भलताच उजळला होता. वास येत नाही तर मला कसं कळलं, असं त्यांनीच तिला विचारलं.

"ओठ गार पडला," ते म्हणाले. "गारवा हा वास नव्हे. चवही नव्हे."

मग त्यांनी तिला आणि नाकाड्याला शेजारी बसवून समजावलं. नाकाच्या आत, वरच्या छताला वासाचे तंतू असतात. माझे तिथले तंतू तापाने कोमेजले. पण जिभेत आणि कातडीत आणखी एक फौज असते. हे मज्जातंतू (मेंदूकडे निरोप नेणारे धागे) गरम, गार आणि स्पर्श कळवतात. त्यांच्या टोकांना जणू दारं असतात. चटका बसला की गरमाचं दार उघडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन (झोंबणारं द्रव्य) तेच दार खोटं खोटं उघडतं, आणि मेंदूला वाटतं, जीभ भाजली. मेंथॉल (पुदिन्यातलं गार द्रव्य) गाराचं दार उघडतं. खरं तर खाणाऱ्या प्राण्यांना आणि किडींना पळवायला झाडं अशी द्रव्यं तयार करतात. माणूस मात्र तीच आवडीने मागून घेतो.

"आणि तिरफळ?" उल्काने विचारलं.

तिरफळ आजोबांनी ताप आल्यापासून चाखलंच नव्हतं. मिरचीचं शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं, पण तापानंतर मसाला माझ्यावर वाया घालवू नका, असं बाबांना सांगून ते दहीभातावर राहिले होते. बाबांनीही ते फारच मनावर घेतलं होतं.

उल्का स्वयंपाकघरात पळाली. बाबा बांगडे साफ करत होते. आज तिरफळ घाल, म्हणून ती मागेच लागली. अण्णांना, म्हणजे आजोबांना, काय कळणार आहे, असं म्हणत बाबांनी डबा काढला, तिरफळांतल्या काळ्या बिया टाकून दिल्या आणि नुसती टरफलं किंचित ठेचून आमटीत सोडली.

नाकाड्याची जाळी पुसून झाली होती. वाटीतली वाफ हुंगून तो म्हणाला, "लिंबाच्या सालीसारखा वास. लिंबाच्याच कुळातलं काटेरी झाड. तिरफळ. अहवाल पूर्ण."

"पूर्ण नाही," उल्का म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

आजोबांनी घास घेतला. क्षणभर काहीच नाही. मग त्यांनी ओठांवर हात ठेवला, जणू तिथे काहीतरी हलत होतं. जीभ झिणझिणत होती. तिरफळाने स्पर्शाचे तंतू जागे केले होते. त्यांनी आणखी आमटी मागितली आणि बाबा पळी हातात घेऊन नुसते बघत उभे राहिले.

"उल्काताई," नाकाडा हळू आवाजात म्हणाला, "मला जीभ नाही. कसं असतं ते सांगाल का?"

न सांगण्यातही मजा होती. ती तिने थोडा वेळ चाखून घेतली. मग डब्या फुटू नयेत म्हणून नाकाड्याच्या बोटांत स्पर्श कळणारे संवेदक बसवले होते, ते तिला आठवलं. तिने त्याचं बोट धरून चालू फ्रिजच्या दारावर टेकवलं. आत मोटर घुरघुरत होती आणि दार बारीक थरथरत होतं.

नाकाड्याने बोट उचलून पुन्हा टेकवलं. "हे जेवणात घालतात?"

"बांगड्यात."

आजोबा पानाच्या कडेला तिरफळं रचत बोलू लागले. वास गेलेली माणसं जगात पुष्कळ आहेत, बिचारी दहीभातावर आहेत. त्यांच्यासाठी एक मसाला करायचा. थोडा गार, थोडा तिखट, थोडा झिणझिणणारा. त्याला एक नाक लागेल आणि एक जीभ लागेल. जीभ माझी, असं उल्काने लगेच सांगून टाकलं.

"शाब्बास," आजोबा म्हणाले. कुणाला, ते काही बोलले नाहीत.

उल्काने नाकाड्याकडे पाहिलं. नाकाड्यानेही तिच्याकडे पाहिलं.

"ते तुमच्यासाठी होतं, उल्काताई," तो म्हणाला. "माझं तर बोट फक्त फ्रिजवर होतं."