टेंभरखोरीची धावपट्टी

सरकारी पंचनाम्याचे विधान निःसंदिग्ध होते : ‘युद्धकाळात धावपट्टीखाली राहिलेला बॉम्ब फुटून डोंगरसिंग मयत. प्रेत खड्ड्याच्या काठी. प्रेताखाली ताज्या मातीचा जाड थर, अंगावर माती नाही. परिसर धोकादायक, सबब तांडा आठ दिवसांत हलवावा.’

सुनीतीबाई घारपुरे यवतमाळात खासगी तपासाचा व्यवसाय करीत. त्यांनी कागद खाली ठेवला.

“सदाशिवकाका, स्फोटाने माती उडाली, खाली बसली आणि मग हा माणूस तिच्यावर येऊन निजला. मरताना इतकी शिस्त कोण पाळतो?”

त्यांना तपासात मदत करणाऱ्या निवृत्त शिक्षक सदाशिवकाकांना उमगायला वेळ लागला. “म्हणजे... नंतर आणून टाकला?”

“पंचांनी खून लिहिला आणि अपघातावर सही केली.”

समोर बसलेली सुखीबाई, डोंगरसिंगची विधवा, रडत नव्हती. “म्या आंघोळ घातली त्याले, बाई. मुंडासं भाजलं नाही. जीभ दातात तुटली होती, टाचा सोलल्या होत्या. मानंभवती तुटक तुटक वळ, अन् मधात कड्याचे ठसे. काहून बॉम्ब लिहून राह्यले हे?”

“तांडा उठवायला,” सुनीतीबाई म्हणाल्या.

महायुद्धात टेंभरखोरीला धावपट्टी बांधणारे लष्कर केव्हाच निघून गेले होते. आता, १९६२ साली, कारखान्यांच्या वसाहतीसाठी सिमेंटची धावपट्टी सुरुंगांनी फोडली जात होती.

“सुरुंगाच्या कोठडीच्या दोन चाव्या,” धावपट्टीवर दोघे पोचल्यावर चौकीदार रामलाल म्हणाला. “एक मेरे पास, एक मोजणीवाल्या वामनरावांकडं. सकाळी दहाला धमाका झाला तवा मी फाटकावर होतो. पचास मजूर गवाह हायेत. डोंगरसिंगनं पहाटेच मोजणीचे खुंट उपटलते. मोजणी झालीच नाही, मजूर बसूनच होते.”

डोंगरसिंगचा भाऊ भावसिंग मान खाली घालून म्हणाला, “मी जागा सोडाले राजी होतो, भाऊ नव्हता. भांडलो, खरं हाय. पन त्या दिशी घाटंजीच्या बाजारात बैल पाहून राह्यलतो. इचारा कोनालेबी.”

काकांनी घाटंजीत विचारले. चौघांनी त्याला तिथे पाहिले होते.

वामनराव मोजणीदार दोघांना तंबूत भेटले. “बसा काका. त्या दिवशी मोजणी नव्हती; मी इथेच नकाशा काढत होतो. ही माझी वही. एकवीस वर्षांत एक आकडा खोडलेला नाही.”

काकांना अक्षर मोत्यासारखे वाटले. त्या दिवसाच्या दोनच नोंदी होत्या : ‘सकाळी सात. साखळी तपासली, बरोबर. दुपारी बारा. साखळी तपासली, अर्धा इंच लांब. दुरुस्त केली.’

“फारच सुरेख,” सुनीतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी काकांना फौजदारांकडे पिटाळले.

संध्याकाळी त्याच तंबूत त्या फौजदारांसमोर उभ्या राहिल्या.

“रामलाल फाटकावर होता, भावसिंग बाजारात. उरली वामनरावांची चावी. मानेवरचे वळ दोराचे नाहीत. दोराला कड्या नसतात, मोजणीच्या साखळीला असतात. ती सातला बरोबर होती. मोजणी झाली नाही. मग बारापर्यंत ताणली कशाने? तिने आधी गळा आवळला. मग यांनी सुरुंग उडवला, तिलाच प्रेत बांधून खड्ड्यापर्यंत ओढले. टाचा त्यातच सोलल्या. दुसरा कुणी खुनी असता तर साखळी धुऊन गप्प बसला असता. यांनी ती प्रमाण मापाला लावून तपासली आणि चूक वहीत लिहिली, कारण उद्याचे माप खोटे पडणे यांना सहन होणार नव्हते.”

“अहो वामनराव, काय हे!” काका पुटपुटले.

वामनरावांनी टाक पुसून ठेवला. त्यांनी सांगितले ते फौजदारांनी जसेच्या तसे उतरवले :

‘डोंगरसिंगाने मला लष्कराचा सन १९४३चा कागद दाखवला : युद्ध संपताच ही जमीन तांड्यास परत. सही खरी होती, शिक्का खरा होता. तो दाखल झाला असता तर वसाहत आणि माझी सगळी मोजणी रद्द झाली असती. मी मागितला, तो देईना. मी मागून साखळी आवळली. तो पाय झाडत होता. मी थांबलो नाही. कागद मी जाळलेला नाही. सरकारी कागद जाळणे गुन्हा आहे. तो कचेरीत माझ्या डाव्या खणात आहे.’