डावीकडचं पाणी

"गेर्लोफकाकांचा आवाज काढशील गं, पण तो खोकला? खोकला काय तुला जमायचा नाही," असं वोबे म्हणाला, आणि तिथंच सगळी वाट लागली.

कारण हिस्केला 'जमायचं नाही' म्हटलं की तिचं डोकं चालायचं बंद व्हायचं. सोळा वर्षांची घोडी, पण पैज म्हटली की पाच वर्षांची. मागं अशाच पैजेपायी तिनं मास्तरांच्या सायकलच्या घंटीत चीज भरलं होतं. वोबे तिचा मावसभाऊ, वर्षानं लहान, आणि दुसऱ्याला पुढं ढकलून आपण मागं उभं राहण्यात एकदम पटाईत.

पैज अशी होती. कालव्यावरच्या पुलाशी गेर्लोफकाकांची लाकडी खोली. काकांनी चाळीस वर्षं तिथं पूल उचलला. बोट आली की पूल वर, आणि गळाच्या काठीला दोरीनं बांधलेला एक लाकडी बूट झुलत झुलत बोटीवर यायचा. त्यात दोन युरो टाकायचे. बूट मागं ओढता ओढता काका पुढच्या पाण्याची खबर द्यायचे. इकडून जा, तिकडं गाळ आहे, त्या वळणावर हळू. नकाशा कुणी उघडायचंच नाही. बूट आला म्हणजे काका आहेत, आणि काका बोलले म्हणजे विषय संपला.

फेब्रुवारीत काका गेले. आता लांब शहरातल्या ऑफिसात बसून कुणीतरी कॅमेऱ्यात बघतं, बटण दाबतं, पूल उघडतो. पैसे घेणंही बंद. बूट मात्र खोलीत खिळ्याला तसाच लटकून राहिला.

"धुक्यात बसायचं, बूट सोडायचा, काका व्हायचं," वोबे म्हणाला. "एक बोट फसली की तू जिंकलीस."

"आणि नाही फसली तर?"

"तर महिनाभर माझ्या कोंबड्यांची घाण तू काढायचीस."

"दे टाळी!"

शनिवारी सकाळी दहाला ते खोलीत शिरले. हिस्केनं फोन मुद्दाम घरी ठेवला होता, ऐन वेळी वाजायला नको म्हणून. एप्रिल महिना, आणि धुकं असं की काठी हातात धरली तर तिचं टोक दिसेना. ओल्या लव्हाळ्याचा, शेणाचा, कुजक्या पाण्याचा वास. पाणी दिसतच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं, कुणीतरी झोपेत ओठ चाटावेत तसं.

मग घंटी वाजली. पूल आपला आपण वर गेला. धुक्यातून टुक टुक टुक करत एक बोट आली.

"आली," वोबे कुजबुजला. "चल, काका हो."

हिस्केनं बूट सोडला.

"गेर्लोफ! अरे आहेस का!" बाईचा आवाज, एकदम खुशीतला. "ओळखलंस का? लीनेके! 'एकदाची' घेऊन आलोय आम्ही!"

हिस्के ओळखत होती. हार्म आणि लीनेके. नवऱ्यानं नोकरी सोडली तेव्हा दोघांनी मोटारबोट घेतली आणि नाव ठेवलं 'एकदाची'. दर वर्षी पहिली बोट त्यांचीच. समुद्राच्या कडेकडेनं येणार, मग कालव्यात शिरणार, वाटेल तिथं थांबणार, कॉफी पिणार, भांडणार, पुढं जाणार. कशाची म्हणून घाई नाही. गेला सगळा हिवाळा ते दक्षिणेला होते. काका गेलेले त्यांना कळलंच नव्हतं.

इथं हिस्केनं थांबायला हवं होतं. पण वोबेनं तिला कोपर मारलं.

हिस्के खोकली. आधी कोरडं, मग खोल, शेवटी शिट्टीसारखं. अगदी काका! वोबेनं तोंडात मूठ कोंबली.

"अरे देवा, छाती अजून तशीच का तुझी?" लीनेके म्हणाली. "पैशासोबत साखरेचा पाव टाकलाय बघ. गरम आहे तोवर खा. आणि ऐक, हार्मला यंदा नीट दिसत नाही..."

"दिसतं मला!" मागून हार्म ओरडला.

"हो, म्हणून काल बंदराच्या भिंतीला पापा दिलास! गेर्लोफ, फाट्यावर कुठं वळू रे? डावीकडं की उजवीकडं?"

वोबेनं हिस्केच्या कानात सांगितलं, "डावीकडं सांग." डावीकडचं पाणी गेल्या उन्हाळ्यापासून बंद होतं. पुढं नुसतं लव्हाळं. जातील, अडकतील, शिव्या देत परत येतील.

"डावीकडं," हिस्के काकांच्या आवाजात म्हणाली.

"तू देवमाणूस आहेस!" लीनेके म्हणाली, आणि टुक टुक टुक धुक्यात विरून गेलं.

दोघं जमिनीवर लोळून हसले. वोबेनं अर्धा पाव एका घासात संपवला. मग एकदम चावायचा थांबला.

"हिस्के... हा घूं घूं आवाज कसला?"

ती हसायची थांबली. आवाज जमिनीतून येत होता, पायांतून वर चढत होता.

"पंप," वोबे म्हणाला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "पावसाचं पाणी काढतायत. आज शनिवार ना... शनिवारी तर बंद असतो..."

डावीकडच्या पाण्याच्या टोकाला पंपघर होतं. पंप चालू झाला की सगळं पाणी तिकडं खेचलं जायचं, लोखंडी गजांच्या जाळीखाली. गेल्या साली तिथं एक वासरू चिकटलं होतं. दोन बाप्यांना ओढून निघालं नव्हतं.

"तुझा फोन काढ! ऑफिसला लाव! पंप बंद करायला सांग!" हिस्के ओरडली आणि पळत सुटली.

काठाकाठानं, चिखलातून, धुक्यात. डावीकडं पाणी, उजवीकडं कुरण. पुढून टुक टुक ऐकू आलं तशी ती जीव खाऊन ओरडली, "थांबा! मागं फिरा! पुढं पंप आहे!"

"कोण गं तू?" धुक्यातून लीनेके.

"हिस्के! पुढं जाऊ नका!"

"चल, निघ! मेल्या कार्ट्यांना कुठंही चेष्टा सुचते. आम्हाला गेर्लोफनं सांगितलंय."

"नाही हो काकू..."

"हार्म, तू लक्ष देऊ नकोस. चल पुढं."

आणि इंजिन खोकलं. एकदा, दोनदा. पंख्यात लव्हाळं गुंतलं असणार. मग टुक टुक बंदच झालं. वोबेचा फोन अजून लागला नसावा. राहिला फक्त तो पंप, घूं... घूं... आणि बोटीच्या अंगावर चढणारं पाणी.

"हार्म, बोट गर्रकन फिरली, आपण सरकतोय," लीनेकेचा आवाज आता वेगळाच होता. "हार्म... आपण मागं सरकतोय रे."

"दोरी टाक! काठावर टाक!"

"गेर्लोफ! कुणीतरी! धरा!"

दोरी हिस्केच्या डोक्यावरून गेली. ती झेपावली, पण पोचायच्या आतच दोरी ताठ झाली. कुणीतरी धरली होती. तिच्या कमरेइतक्या उंचीवरून दोरी सरळ मागं कुरणात गेली होती, धुक्यात, आणि तारेसारखी थरथरत होती. बोट थांबली.

"धरली! गेर्लोफनं धरली!" लीनेके रडायलाच लागली.

हिस्केनं दोरीवर हात ठेवला आणि मागं पाहिलं. त्या कुरणात झाड नाही, खुंटा नाही, कुंपणसुद्धा नाही, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. होत्या फक्त गाई. धुक्यात तीन-चार काळे ठिपके. त्यांचं रवंथ थांबलं होतं. सगळ्या एकाच जागेकडं तोंड करून उभ्या होत्या.

"गेर्लोफ, बोल ना रे," लीनेके म्हणाली. "सोडणार नाहीस ना?"

हिस्केला ती शांतता सोसवेना. काकूंना धीर यावा म्हणून, खरंच फक्त तेवढ्यासाठी, तिनं काकांचा आवाज काढला, "धरलंय मी..."

दोरी हातभर सुटली.

बोट मागं गेली. लीनेके किंचाळली. हिस्केनं दोन्ही हातांनी दोरी पकडली, टाचा चिखलात रोवल्या, तळव्यांची सालं निघाली. काही उपयोग नाही. मग दोरी आपली आपण पुन्हा ताठ झाली. थांबली. जणू वाट बघत.

"काकू..." हिस्के म्हणाली, आता स्वतःच्या आवाजात. "गेर्लोफकाका वारले. फेब्रुवारीत. मघाशी बोलत होते ते काका नव्हते. मी होते."

दोरी तसूभरही हलली नाही.

"काय बोलतेस..." लीनेके.

"बूट मीच सोडला होता. खोकला मीच काढला. पण डावीकडं सांगायचं वोबेनं..."

दोरी सुटली. या वेळी दोन हात, सर्रकन, तिच्या मुठीतून जाळत. धुक्यापलीकडं लोखंडावर काहीतरी धाडकन आदळलं. बोटीचा मागचा भाग जाळीला लागला होता.

"हार्म! पाय वर घे! हार्म!" खाली पाणी मोठ्यानं गिळत होतं. बोट कलल्याचा करकर आवाज आला, कपबशा फुटल्या. "पोरी, तुझ्या पाया पडते, दोरी धरलीय त्याला सांग सोडू नको म्हणून! हार्मला पोहता येत नाही गं!"

हिस्के गुडघ्यांवर बसली. नाकातोंडातून पाणी. आयुष्यात कधी कुणापुढं कबूल केलं नव्हतं तिनं. चीजचा आळ मास्तरांनी शेवटी वोबेवर घेतला, तेव्हाही ती गप्पच होती. तिनं कुरणाकडं तोंड वळवलं. ठिपके अजून तसेच उभे.

"मीच म्हणाले डावीकडं," ती ओरडली. "वोबे कानात बोलला, पण तोंड माझं होतं. हार्मकाकांना दिसत नाही हे मला काकूंनी आधी सांगितलं होतं. तरी मी म्हणाले. हसायला. मी म्हणाले. मीच... काका, ओढा ना... प्लीज, ओढा..."

एक क्षण काहीच झालं नाही. नुसतं घूं... घूं...

मग दोरी मागं जायला लागली. सावकाश, एकेक हात, चाळीस वर्षं काहीतरी ओढायची सवय असलेल्या माणसासारखी. लोखंड खरवडलं, बोट सुटली, धुक्यातून तिचं पांढरं नाक बाहेर आलं आणि चिखलात रुतलं. हार्म खाली उतरताना पडला, रांगत वर आला. गवताला घट्ट धरून पडून राहिला.

लीनेके बोटीच्या नाकाशीच उभी होती. तिनं हिस्केकडं बघितलं. मारणार असं वाटलं, पण मारलं नाही.

"परत बोल," ती म्हणाली.

"मी होते," हिस्के म्हणाली. "मी केलं."

लीनेकेनं मान हलवली. मग, बोटीवरच्या माणसाला सवय असते तशी, ती दोरी गोळा करायला लागली. आता दोरी सैल होती. ओली, जड, धुक्यातून सरपटत येत होती. लीनेके ओढत राहिली. पायाशी वेटोळं झालं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. हार्मनं गवतातून डोकं वर काढलं.

"लीनेके... आपली दोरी दहाच मीटरची आहे."

ती थांबली नाही. थांबायची भीती वाटत होती बहुतेक. वेटोळं तिच्या गुडघ्याला लागलं.

"अजून येतेय," ती म्हणाली.