भिंगरीच्या नावाचा माल

फोन वाजला तेव्हा निरीक्षकबाई फाइलवर शेवटची सही करायच्याच बेतात होत्या. हवालदारांनी वर सुवाच्य अक्षरात 'अपघात' असं लिहूनही ठेवलं होतं.

"बाई, मी भिंगरीची आई बोलतेय. माझी मुलगी पाण्याच्या काठाला जात नव्हती हो. लहानपणापासून नाही. तबकडी पाण्यात पडली तर ती तशीच सोडून द्यायची. आणि तुम्ही म्हणता, तबकडी काढायला वाकली नि पाय घसरला?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

भिंगरी खेळायची तो खेळ म्हणजे तबकडीचा गोल्फ. चेंडूच्या जागी हातानं भिरकावायची प्लॅस्टिकची तबकडी आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली. पूर्वी लोक याला पोरखेळ म्हणून हसायचे. आता तबकड्या बनवणारी एक कंपनी भिंगरीला खेळायचा पगार देत होती, आणि तिचं नाव छापलेली तबकडी दुकानादुकानात होती.

सोमवारी सकाळी मैदानावरच्या माळ्याला ती तळ्यात पालथी दिसली. कपाळाला जखम, आणि काठाच्या दगडावर रक्त. माळ्यानं घाबरत का होईना, कुणी काही हलवायच्या आत मोबाइलवर एक फोटो काढला होता. बाईंनी तोच पुढे ओढला. टोपली, तिच्यामागे तळं, आणि गवतावर पसरलेल्या सहा जांभळ्या तबकड्या. प्रत्येकीवर पांढऱ्या अक्षरांत एकच नाव होतं, 'भिंगरी'. बाईंनी ते सहाही ठिकाणी वाचलं.

"फोटो मात्र झकास आलाय, मॅडम," हवालदार म्हणाले. "कॅलेंडरवर छापावा असा."

"माळ्यानंच काढलाय ना?"

"हो. जन्मात पहिलाच फोटो म्हणाला."

"तबकड्या कुठे आहेत?"

"मुद्देमालात. पिशवीत बंद."

"तशाच ठशांच्या तपासणीला पाठवा."

"पण मॅडम, फाइल तर बंद…"

"फाइल काही कुठे पळून जात नाही. गाडी काढा."

भिंगरीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, दोनच खोल्यांचं. दार धाकट्या बहिणीनं उघडलं. तीही खेळाडू, तीही ताईसारखीच डावखुरी. आई खिडकीपाशी बसली होती आणि तिच्यापुढचा चहा केव्हाचा निवला होता. कोपऱ्यात एक बादली जुन्या तबकड्यांनी गच्च भरलेली होती. त्यांच्या कडा खरवडलेल्या, रंग उडालेले.

"या टाकून द्यायच्या आहेत का?" बाईंनी विचारलं.

"छे!" धाकटी जवळजवळ ओरडलीच. "या ताईच्या. नवी तबकडी हट्टी असते. झाडांवर आपटून, महिना-दोन महिने फेकून तिला वळण लावावं लागतं. ताई नव्या तबकडीला हातही लावायची नाही. सरावाला हीच बादली न्यायची."

"मग सोमवारी बादली घरी कशी?"

"तेच मला कळत नाही. नेली नाही तिनं. मला वाटलं, कंपनीत चाललीय. केस नीट बांधले होते, कंपनीचा नवा टी-शर्ट घातला होता. सरावाला ती जुनापानाच घालायची."

"बोलावलं कुणी होतं?"

"मी अर्धवट झोपेत होते. विचारलं नाही." तिनं बादलीतली एक तबकडी उचलली. "विचारायला हवं होतं."

बाई हळूच म्हणाल्या, "कंपनीशी तिचं बरं होतं?"

"एक तारखेला तिचा करार संपत होता. ती दुसऱ्या कंपनीकडे जाणार होती. तसं तिनं तोंडावर सांगितलंही होतं." धाकटीनं आईकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. "आज संध्याकाळी मी सही करतेय ताईच्या याच कंपनीशी. ताईचाच करार आहे, शब्दन् शब्द तोच. लोक मला भिंगरीची बहीण म्हणून ओळखतील, म्हणजे तिचं नाव तरी चालत राहील. नाहीतर कोण आठवण ठेवतंय?"

"घाई कशाला एवढी?"

"उद्या पहाटे फोटो काढायचेत ना. तळ्यापाशी. तिथेच काढले तर लोकांच्या काळजाला भिडेल, असं कंपनीतून सांगितलंय."

आईनं तोंड खिडकीकडे फिरवलं. संध्याकाळ व्हायला फार वेळ उरला नव्हता.

कंपनीचं ऑफिस म्हणजे गोदामाचाच एक कोपरा. छतापर्यंत खोके रचलेले होते आणि हवेत तापल्या प्लॅस्टिकचा वास होता. मालक शर्टाची बटणं वरखाली लावलेले, जाडजूड गृहस्थ. त्यांच्या टेबलावर कागद, चहाचे डाग, तुटकी कात्री असा सगळा बाजार मांडलेला होता. शेजारी कंपनीचा जाहिरातवाला उभा होता, इस्त्रीची घडीही न मोडलेला.

त्यानं बाईंपुढे पाण्याची बाटली ठेवली आणि कंपनीचं चिन्ह त्यांच्याकडे येईल अशी किंचित फिरवली. मालकांनी एक तबकडी उचलून तिनं वारा घेतला आणि कागदांवर फेकली. बोलता बोलता जाहिरातवाल्याच्या हातानं तीही सरळ केली.

"भिंगरी सोडून चालली होती," बाई म्हणाल्या.

"हो. आमच्या पोटावर पायच होता तो," मालक म्हणाले. "पण करार संपल्यावर थांबवणार कसं?"

"ती गेली असती, तर हे सगळे खोके?"

"चुरा करून वितळवायचे. एक तारखेनंतर तिच्या नावाची एकही तबकडी विकता आली नसती."

"आणि आता?"

मालकांनी कपाळ पुसलं. "आता… करार चालू असताना ती वारली. मग नाव कायमचं कंपनीचं, असं कलम आहे. आमच्या सगळ्याच करारांत आहे. सांगायला लाज वाटते मॅडम, पण वर्षभरात गेला नाही एवढा माल या चार दिवसांत गेला."

"मेल्या म्हशीला मणभर दूध," हवालदार पुटपुटले. बाईंनी डोळे वटारले तसे ते खोके बघायला लागले.

"जाणाऱ्या माणसाच्या नावानं एवढा माल छापलात कशाला?"

"हा म्हणाला, ती राहतेय," मालकांनी जाहिरातवाल्याकडे बोट केलं. "याच्या शब्दावर छापला. नाहीतर बुडालोच होतो."

"माणसं शेवटच्या क्षणी मन बदलतात, मॅडम," जाहिरातवाला हसून म्हणाला. "मला खात्री होती."

"विकलेल्या मालात तुमचा वाटा असतो?"

"थोडाफार. तिचाही असायचा."

"हा जांभळा रंग बाजारात कधी आला?"

"अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी," मालक म्हणाले. "त्याआधी गोदामाबाहेर एकही गेली नव्हती."

"भिंगरीला आधी दिल्या असतील," जाहिरातवाला चटकन म्हणाला. "सरावाला."

"तिला कशाला देतोस? ती नव्याला शिवायची तरी का?" मालक वैतागले.

"गोदामाची किल्ली कुणाकडे असते?"

"एक माझ्याकडे, एक याच्याकडे."

"सोमवारी पहाटे कुठे होतात?"

"घरी झोपलो होतो," मालक म्हणाले. "एकटाच राहतो. साक्षीला कुणी नाही."

"मीही घरीच," जाहिरातवाला म्हणाला. "बायकोला विचारा हवं तर."

"विचारू की." बाई उठल्या. दोन बोटांनी टोपणाला धरून त्यांनी बाटली उचलली. "ही नेते. उन्हाची तहान लागते."

बाहेर येताच हवालदार म्हणाले, "मालकच, मॅडम! माल त्याचा, फायदा त्याचा, साक्षीदार नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. कसा घाम पुसत होता बघितलंत?"

"घाम जाड्या माणसाला येतोच. तुम्ही आधी ही बाटली तपासणीला द्या. मी त्या बायकोला भेटून येते."

संध्याकाळी गोदामातच खुर्च्या मांडल्या होत्या. मागे फलक होता, त्यावर भिंगरीचा हसरा चेहरा. पत्रकार आले होते. शेवटच्या रांगेत आई एकटीच बसली होती. टेबलावर करार, शेजारी रचून ठेवलेल्या जांभळ्या तबकड्या. जाहिरातवाल्यानं धाकटीच्या डाव्या हातात पेन दिलं.

तपासणीचा फोन बाईंना दारातच आला. त्यांनी तो ऐकला, बंद केला आणि सरळ टेबलापाशी गेल्या.

"पेन खाली ठेव, बाळ."

बाईंनी माळ्याचा फोटो धाकटीपुढे ठेवला.

"या तबकड्यांवरचं नाव वाच."

"भिंगरी… भिंगरी… सगळीकडे भिंगरीच आहे."

"वाचताना मान वाकडी करावी लागली?"

"नाही." मग तिचा चेहरा पांढरा पडला. ती खेळाडू होती, बाकीच्यांच्या आधी तिला कळलं. "असं कसं होईल? तबकडी गरगरत येते. पडेल तशी पडते. कुठे नाव उलटं, कुठे तिरकं…"

"सहाच्या सहा सरळ. म्हणजे त्या फेकलेल्या नव्हत्या, मांडलेल्या होत्या." बाई मालकांकडे वळल्या. "त्या कोऱ्या आहेत. कडेला एक ओरखडा नाही, भिंगरीच्या बोटाचा एकही ठसा नाही. सराव करणारीनं त्यांना हातच लावलेला नाही. आणि रंग जांभळा. तो रंग तोवर या गोदामाबाहेर गेला नव्हता, आणि किल्ल्या दोनच आहेत."

मालक उभे राहिले. "मॅडम, मी शपथेवर…"

"बसा. तुम्हाला स्वतःच्या शर्टाची बटणं ओळीत लावता येत नाहीत. तुम्ही सहा तबकड्या काय मांडणार? पण एका माणसाला नाव वाकडं दिसलेलं सहन होत नाही. बाटली असो, तबकडी असो, हात आपोआप ती फिरवतो."

सगळ्यांच्या नजरा जाहिरातवाल्याकडे गेल्या. ढिगावरची वरची तबकडी धाकटीच्या धक्क्यानं सरकली होती. त्याचा हात तिच्यापर्यंत पोचला होता. तो तिथेच थिजला.

"एका तबकडीच्या कडेखाली अंगठ्याचा ठसा राहिलाय," बाई म्हणाल्या. "तुम्ही मला दिलेल्या बाटलीवर तोच आहे. आणि तुमच्या बायकोनं भाबडेपणानं सांगितलं, सोमवारी तुम्ही पहाटेच गाडी काढलीत, फोटोला तेव्हा उजेड चांगला असतो म्हणून."

"मी मारायला नव्हतो गेलो," तो म्हणाला. "फोटोचं निमित्त करून तिला बोलावलं, त्यासाठी नव्या तबकड्याही नेल्या. राहा म्हणून हात जोडले. माझ्या शब्दावर माल छापला होता, मालकांनी मला रस्त्यावर आणलं असतं. ती पाठ फिरवून निघाली. मी दंड धरून ओढलं. तिनं झटका दिला, मी ढकललं… ती दगडावर आपटून पाण्यात गेली."

"तळ्याचं पाणी त्या काठाला कमरेएवढं आहे. हात घालून बाहेर काढता आलं असतं."

बाईंनी माळ्याचा फोटो त्याच्याकडे सरकवला.

"ती बुडत होती आणि तुम्ही गवतावर तिचं नाव सरळ करत होतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येईल, त्यात नवा माल दिसायला हवा म्हणून."

धाकटीनं टेबलाची कड घट्ट धरली. "उद्या मला तिथेच बोलावलं होतंत तुम्ही. करार तोच, कलम तेच. मला पण…?"

त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. खोटं का होईना, 'नाही' एवढंसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही. त्या न आलेल्या उत्तराची भीती बाईंना त्याच्या कबुलीपेक्षा जास्त वाटली. हवालदारांनी त्याला बाहेर नेलं.

पत्रकार त्याच्यामागे धावले. गोदाम रिकामं झालं आणि टेबलावरचा फोन खणखणला. मालकांनी सवयीनं उचलला. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. जांभळ्या अजून शिल्लक आहेत का, असतील तेवढ्या हव्यात.

मालकांनी फोन ठेवला. "विकायचा हक्क आहे मला," ते हताशपणे म्हणाले. "कायद्यानं नाव कंपनीचं आहे. पण तू सांगशील तसं करतो, पोरी."

"तिचं नाव राहावं एवढंच हवं होतं मला," धाकटीला रडू फुटलं.

शेवटच्या रांगेतून आई उठली. सावकाश टेबलापाशी आली. एक तबकडी हातात घेऊन तिनं अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"पाय फुटले तशी घरभर गरगरायची," ती म्हणाली. "म्हणून मी हे नाव ठेवलं. माझ्याशी कुणी करार केला नव्हता."

मालकांनी आत यंत्रावरच्या माणसाला हाक मारली, चुरा करायचं यंत्र सुरू कर म्हणून.

घरघर सुरू झाली. आईनं ढीग कवेत घेतला.

"तुम्ही राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या हातानं टाकते."