फुग्यावरचे हात

कंदील जरा तिकडे सरकव, धाकटे. आईच्या डोळ्यांवर उजेड येतोय. हां, तिथेच. वात वाढवू नकोस, रॉकेलसाठी किती उंबरे झिजवावे लागतात ते माझं मला माहीत. वीजवाले रोज "उद्या नक्की" म्हणतात आणि तो उद्या काही उजाडत नाही. इस्पितळात आली, बाजारात आली, आपल्याच गल्लीने त्यांचं काय घोडं मारलंय कोण जाणे.

तू आल्यापासून एकच पालुपद लावलंयस, "ताई तू झोप, मी बसते आईजवळ." रस्ता उघडल्या उघडल्या धावत आलीस, जीव तुटतोय तुझा, मला काय कळत नाही? पण मी तुला तिच्याजवळ एकटीला का सोडत नाही, ते आधी ऐक. मधे मधे तोंड घालू नकोस. सगळं ऐकून झाल्यावर मला वेडी म्हण, माझं काही म्हणणं नाही.

वादळाच्या आदल्या दिवशी आईला दम लागला म्हणून इस्पितळात ठेवलं, एवढं तुला फोनवर सांगितलं होतं. मग फोनच मेले. वादळ ओसरल्यावर मी घरातून निघाले ती फक्त तिचा चष्मा द्यायला. घाईघाईत इथेच राहिला होता. म्हटलं, चष्म्याशिवाय तिला करमायचं नाही, तेवढा द्यावा, दोन शब्द बोलावे आणि बेकरीत परतावं. तिकडे मालक भिजवलेलं पीठ आंबतंय म्हणून रडकुंडीला आला होता. रस्त्यात झाडं आडवी पडलेली, तारा लोंबत होत्या. एकेक तार चुकवत, चष्मा मुठीत घट्ट धरून मी पोचले.

वॉर्ड अगदी वरच्या मजल्यावर. लिफ्ट बंद, जिन्यात पाणी ठिबकत होतं. वॉर्डचं दार ढकललं आणि भर दुपारी मला डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. वादळात खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या आणि तिथे प्लायवूड ठोकून टाकलं होतं. फटीतून उजेडाच्या चार रेघा, बाकी नुसता काळोख. ओल्या गाद्यांचा कुबट वास, त्यात फिनेल, त्यात घाम. आणि एक आवाज. फुस्स... मग जरा शांत... परत फुस्स... या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून. कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत बसावं तसा.

"कोण पाहिजे?" अंधारातून कुणीतरी हळूच विचारलं. त्या मोठ्या सिस्टर होत्या, वॉर्ड त्यांच्याच जिवावर चालला होता. मी आईचं नाव सांगितलं.

"आलात? देवासारख्या आलात. या, आधी हात धुवा."

आईच्या तोंडात नळी खुपसलेली होती आणि डोळे मिटलेले. नळीच्या टोकाला एक मोठा रबरी फुगा लावलेला आणि एक वॉर्डबॉय उभ्या उभ्या तो दाबत होता. फुगा दाबला की आईची छाती वर यायची, सोडला की खाली जायची. तिचा श्वास त्या परक्या माणसाच्या हातात होता, आणि मी आपली चष्मा घेऊन उभी. मला आधी हसू फुटलं गं, आणि मग असं रडू कोसळलं की विचारू नकोस.

सिस्टरांनी मला समजावलं. वादळाच्या रात्री आईचा दम वाढला म्हणून नळी घालून श्वासाचं मशीन लावलं होतं, पण ते विजेवर चालणारं. वीज गेली तेव्हा त्याची बॅटरी थोडा वेळ पुरली. जनरेटर तळघरात आणि तळघरात छातीभर पाणी. "आता तुमचे हात हेच मशीन," त्या म्हणाल्या. हात थांबले की आई गेली, इतका साधा हिशेब होता. बेकरी, पीठ, मालक, सगळं तिथेच विसरले मी.

आता पुढचं नीट ऐक. टॉर्चचे सेल संपत आलेले, म्हणून तो अडीनडीलाच लावायचा. मग अंधारात एकाच्या हातातला फुगा दुसऱ्याच्या हातात द्यायचा कसा? सिस्टरांनी पद्धत घालून दिली होती. येणाऱ्याने आपले दोन्ही हात दाबणाऱ्याच्या हातांवर ठेवायचे, त्याच्याबरोबर थोडा वेळ दाबायचं, चाल जमली की एक शब्द म्हणायचा. तो शब्द कानावर पडला, की पहिल्याने आपले हात खालून काढून घ्यायचे. त्याआधी नाही. साधाच शब्द आहे, वस्तू हातात आली की माणूस म्हणतो तोच. पण या घरात मी तो तोंडातून काढत नाही. तू कपाळाला आठ्या घालू नकोस, का ते कळेल.

माझ्या जोडीला एक सुतार होता. खिडक्यांना प्लायवूड त्यानेच ठोकलेलं. त्याचे वडील त्याच वॉर्डात सकाळी गेले होते. रस्ते बंद, त्यांना घरी कसं नेणार? खालच्या खोलीत ठेवलं होतं. मी म्हटलं, "दादा, तुम्ही कशाला थांबताय इथे?" तर म्हणाला, "बसून तरी काय करू, ताई? हात चालतायत तोवर चालवतो." मग आम्ही पाळ्या लावून घेतल्या. मधेच तो आईशी गप्पा मारायचा. "मावशी, तुमची मजा आहे बघा, एक पीठ मळणारी आणि एक रंधा मारणारा, दोन कारागीर तुमच्या दिमतीला." आईला ऐकू जात होतं की नाही, देव जाणे. मला मात्र तेवढाच धीर यायचा.

असे किती दिवस गेले, मला विचारू नकोस. त्या अंधारात दिवस काय अन् रात्र काय. दंडात गोळे यायचे, बोटं वळलेली राहायची, भाकरीचा तुकडासुद्धा तोंडापर्यंत नेता यायचा नाही. मनात नको ते यायचं. वाटायचं, मी दमले म्हणून आई मरणार. आजाराने नाही, वादळाने नाही, माझे हात दुखतात म्हणून.

एके दुपारी सुतार पाणी आणायला खाली गेला तो येईचना. माझ्या हातांतला जोर संपत आला. फुगा अर्धाच दाबला जायचा. मी हाका मारल्या, "सिस्टर... अहो, कुणी आहे का?" सिस्टर पलीकडच्या टोकाला कुणाच्या तरी छातीवर दाब देत होत्या, त्यांचे आकडे मोजणं मला ऐकू येत होतं. त्या येणं शक्य नव्हतं. मी दात ओठ खाऊन दाबत राहिले. म्हटलं, कुणीही या रे... कुणीही या...

आणि हात आले.

माझ्या हातांवर दोन हात बसले, अलगद. गार असतील असं वाटलं ना तुला? नव्हते. चांगले ऊबदार होते. मऊ, ताजेतवाने, आयुष्यात कधी कामच न केलेले. सुताराचे हात पायपुसण्यासारखे खरखरीत, मला कळायला नको? पण तेव्हा मला हातांशी मतलब होता, हात कुणाचे याच्याशी नव्हता. ते माझ्याबरोबर दाबायला लागले. एकदा... दोनदा... चाल अशी जमली की मला वाटलं मी आता दाबतच नाहीये. मग कानाशी तो शब्द आला. अगदी कानाशी, पण कानाला वारा लागला नाही.

मी हात काढून घेतले. भिंतीला टेकले आणि तशीच झोपून गेले.

जाग आली ती सुताराच्या हाकेने. "ताई, माफ करा हं, खाली टँकरवर मारामारी होती, सुटताच येईना. लई वेळ तुम्हीच दाबत राहिलात."

मी म्हटलं, "म्हणजे... तुम्ही मघाशी आला नव्हतात?"

"आत्ताच येतोय."

"मग फुगा कुणाकडे आहे?"

त्याने चाचपडत माझे हात धरले. माझे रिकामे, त्याचेही रिकामे. आणि आमच्या दोघांच्या मधे, आईच्या डोक्याशी, फुस्स... फुस्स... एका चालीत.

त्याने टॉर्च लावला. फुगा आईच्या पायांशी चादरीवर पडला होता. नळीपासून सुटलेला, चपटा. नळीचं टोक मोकळं. आणि आईची छाती वर येत होती, खाली जात होती. तो आवाज नळीपाशीच, हवेतून, जिथे दाबणाऱ्याचे हात असायला हवेत तिथून येत होता.

सिस्टर धावत आल्या. सुताराने फुगा झडप घालून उचलला, नळीला लावला आणि दाबायला गेला, तर दाबला जाईना. एवढा राकट माणूस, घामाघूम झाला. "आतून ढकलतंय," तो म्हणाला. "जागाच नाहीये... कुणीतरी आधीच भरतंय..."

"राहू द्या," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, पण..."

"चाललंय ना? मग राहू द्या. हात लावू नका." मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "शब्द ऐकलात तुम्ही? नक्की ऐकलात?"

मी मान हलवली. त्या स्टुलावर मटकन बसल्या. एवढ्या दिवसांत मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. "मग आता तुमच्या हातात काही नाही," म्हणाल्या, "आणि माझ्याही नाही."

पुढे इस्पितळात वीज आली. मशीन लावलं तर ते सारखं कोकलायला लागलं, त्याचा आणि आईचा मेळच बसेना. डॉक्टर खूश! म्हणाले, पेशंट स्वतः श्वास घेतायत, नळी काढून टाका. खाटा कमी, माणसं जास्त, त्यांनी आम्हाला लगेच घरी धाडलं. जो तो म्हणतो, नशीब काढलंस, आई वाचली तुझी.

वाचली. वरणभात चार घास खाते, मला ओळखते, तू आलीस तेव्हा तुझ्या गालावरून हात फिरवला. पण तू तिच्या छातीकडे बघ. आपण श्वास घेतो तो असा हळूहळू आत येतो. तिचा बघ, एकदम वर येते छाती, कुणी ढकलल्यासारखी. तशीच क्षणभर राहते. मग पडते. मी तिला एकदा विचारलं, "आई, श्वास घ्यायला त्रास होतो का गं?" तर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी कुठे घेतेय?"

आणि खरी भीती सांगू? ते हात दमायला लागलेत. परवापासून चाल मंदावलीय. मधेच एखादा श्वास अर्धा येतो, माझ्या हातांचं व्हायचं ना, तसाच. दमलेला माणूस काय करतो? पुढच्या पाळीवाला शोधतो. म्हणून मी डोळ्याला डोळा लावत नाही. म्हणून तिच्या छातीवर कुणाला हात ठेवू देत नाही, शेजारणी आल्या तरी लांबूनच बसवते. त्यांना वाटतं, बया वेडी झाली. होऊ दे. ते हात जावेत असंही वाटतं गं, आणि जाऊ नयेत असंही वाटतं. जीव नुसता अडकित्त्यात सापडलाय माझा.

तू पांघरूण सारखं करतेयस? बरं, कर, पण हात लगेच काढ. छातीवर नको ठेवूस. अगं मी काय सांगतेय मघापासून?

काय? कोणता शब्द?

"घेतलं"?

अगं ए! तोंड आवर! विचारायचं कशाला होतं मोठ्याने... हात काढ आधी. काढ म्हणते ना!

थांब. ऐक.

आवाज थांबला.

आई... आई गं... आई, इकडे बघ. हलत नाहीये. धाकटे, छाती हलत नाहीये तिची, काहीतरी... तू काय करतेयस? तुझी बोटं अशी का मिटतायत? तू करत नाहीयेस? मग कोण... थांब, ओढू नकोस. आली. छाती वर आली. परत मीट. मीट बोटं! हां... सोड. आता परत. आली गं बाई, आली.

बघू, माझे हात ठेवते तुझ्या हातांवर. माझ्याबरोबर दाब. एकदा... अजून एकदा. घेतलं. काढ तू हात खालून. घेतलं म्हणाले ना मी! घेतलं, घेतलं, घेतलं! अगं काढ ना...

निघत नाहीत?

बरं. बरं, ओढू नकोस, राहू दे. मी आहे इथे, कुठे जात नाही. तुला पाणी पाजीन, घास भरवीन, तुझ्या पाठीला उशी देते. तू फक्त दाबत राहा. आणि रडू नकोस गं, सोन्या. तू हुंदका दिलास की तुझे हात हलतात, आणि तिकडे आईला ठसका लागतो.