शून्यावर ठेवलेलं यंत्र

बिडवे सरांचा डोळा लागला तेव्हा नर्स अश्लेषाला हायसं वाटलं. सकाळपासून त्यांनी तिला काय कमी छळलं होतं! चादर सरळ कर, खिडकी लाव, पाटीवर माझं वय चुकलंय. एकतीस वर्षं गावच्या शाळेत बीजगणित शिकवलेला माणूस, दवाखान्याच्या खाटेवर पडला म्हणून थोडाच बदलणार!

उशाशी आजच आलेलं ठिबकयंत्र होतं. हृदयाचे ठोके आवरणारं नवं औषध इतकं जहाल, की मिनिटाला थेंबाचा हजारावा भाग पुरे. दशांशचिन्हापुढची शून्यं मोजताना चुका व्हायच्या, म्हणून यंत्राच्या पडद्यावर फक्त दहाचा घातांक ठेवला होता. दोन म्हणजे शंभर थेंब, एक म्हणजे दहा. डॉक्टर चिठ्ठीवर उणे तीन लिहून दुसऱ्या गावी गेले होते.

उणे! म्हणजे यंत्र रक्तातलं औषध उलटं ओढून घेणार की काय? नकोच ती भानगड. डॉक्टर येईपर्यंत बंदच ठेवू, म्हणून अश्लेषाने दहा मिनिटांपूर्वी आकडा शून्यावर आणला होता.

"अश्लेषा," सर पुटपुटले. जीभ जड झाली होती. "थेंब पडतोय."

"नाही सर, बंद आहे. शून्यावर ठेवलंय."

तेवढ्यात नळीत टप्पकन थेंब पडला. तिने ठोक्यांचा आकडा पाहिला. अडतीस!

"दहाचा घातांक शून्य," सरांनी कसंबसं विचारलं, "किंमत किती?"

"एक!" आठवीत सगळ्या मुली एका सुरात ओरडायच्या, तसंच उत्तर आपोआप तोंडातून निघालं. आणि मग आपण काय बोललो ते तिला कळलं. एक. मिनिटाला अख्खा एक थेंब. हजारपट! अगं बाई, मी सरांना मारतेय!

तिने झटक्यात नळी बंद केली, उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि डॉक्टरांना फोन लावला. ते निघाले. चाळीस. सेहेचाळीस. बावन्न. तेव्हा कुठे तिला श्वास घेता आला, आणि रडूच फुटलं.

"पण एकच का, सर? मी वर्गात विचारलं होतं. तुम्ही मला बाकावर उभं केलंत. म्हणालात, कारण विचारू नकोस, पाठ कर."

सरांनी दोन बोटं उचलली. "शंभर. घातांक एकने कमी, की दहाने भाग. दहा. पुन्हा भाग."

"एक," ती म्हणाली. "मग दहावा भाग. मग शंभरावा... उणे तीनला हजारावा!" म्हणजे उलटं ओढणं नव्हतंच. नुसतं भागत जायचं होतं.

"दोन मिनिटांचं काम होतं गं," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

अश्लेषा डोळे पुसता पुसता थबकली. तालुक्यातल्या नऊ दवाखान्यांत आज हीच यंत्रं आली होती.

"सर, तुमच्या वर्गातल्या किती मुली नर्स झाल्या?"

सर बोटांवर मोजू लागले आणि मध्येच थांबले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

तिने शेजारच्या गावी रुखसानाला फोन लावला. दोघी एकाच बाकावर बसायच्या.

"तुझं यंत्र कितीवर आहे गं?"

"शून्यावर. चिठ्ठीत काहीतरी उणे लिहिलंय, म्हणून बंदच ठेवलंय सकाळपासून," रुखसाना मजेत म्हणाली. "आजोबा कसे गाढ झोपलेत बघ. का गं?"