विल्मरच्या डिस्कमधली टकटक

ज्याला हे खोटं वाटतं त्याने ओरुरोला, आमच्या गावाला यावं. माझ्या दुकानातला कुलपाचा ड्रॉवर उघडून दाखवते. त्यात काय नाही ते बघावं, मग बोलावं.

हे रात्री घडलं नाही. भर दुपारी घडलं, एक नोव्हेंबरला. आठवलं की मला आधी भीती वाटत नाही. आधी राग येतो.

मी निल्दा. बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करते.

त्या सकाळी दोन्या सेवेरिना आल्या. वयस्क बाईला आम्ही मानाने दोन्या म्हणतो. काळा घागरा, काळी शाल, पाठीला रंगीत गाठोडं. मागून त्यांचा थोरला, रोहेलिओ. त्याने कॉम्प्युटरचा डबा माझ्या टेबलावर आदळला.

"चालू होत नाही. सगळं पुसा आणि नवीन टाका. गिऱ्हाईक ठरलंय."

"पुसायचं नाही," दोन्या सेवेरिना म्हणाल्या. "माझ्या विल्मरचा फोटो आहे त्यात. तेवढा काढून दे पोरी. बारा वाजायच्या आत."

बाराच का, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मेलेली माणसं त्या दिवशी दुपारी बाराला घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. त्यांच्यासाठी टेबल मांडायचं. पाव, फळं, पाणी आणि मधोमध फोटो. विल्मर, त्यांचा धाकटा, जूनमध्ये गेला होता. शेगडीच्या धुराने, झोपेत. त्याचं हे पहिलंच टेबल होतं.

आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता. त्याचा मोबाईल रोहेलिओने महिन्याभरात विकला होता. विल्मर या कॉम्प्युटरवरून पोरांना चारांगो, आमची छोटी गिटार, शिकवायचा, स्क्रीनवर कॅमेरा लावून. त्याचा चेहरा उरला होता तो एवढ्या डब्यात.

मी डबा उघडला. आतून रंगीत कागदाचे तुकडे सांडले. दारूचा वास आला. माझं डोकं सणकलं.

कार्निव्हलच्या मंगळवारी आम्ही घर, गाडी, दुकान, सगळ्यावर दारू शिंपडतो. धरणीमातेचा वाटा म्हणून. मग शिंपडा ना जमिनीवर. कॉम्प्युटरच्या आत कशाला ओतता? दरवर्षी कार्निव्हल संपला की अशा मेलेल्या मशीनांची माझ्या दारात रांग लागते.

"कुणी ओतली ही?"

"मीच गं. बरकत यावी म्हणून."

"आली ना मावशी बरकत. माझ्या दुकानाला आली."

"दारूनेच गेलंय ते," रोहेलिओ म्हणाला. "पुसा म्हणतो ना."

पण दारूने गेलं नव्हतं. कार्निव्हलनंतर तीन-चार महिने, जूनपर्यंत, ते नीट चाललं होतं. मी आतली धूळ काढली, मेमरीची पट्टी खोडरबराने घासली, वायर बदलली. स्क्रीनवर एकच ओळ येत राहिली. डिस्क सापडत नाही.

माझी एक डिस्क लावून पाहिली. लगेच चालू झालं. म्हणजे दुखणं विल्मरच्या डिस्कमध्ये होतं. मी ती काढून माझ्या चांगल्या मशीनला लावली.

माझं मशीन बंद पडलं...

डिस्क काढली. चालू झालं.

पुन्हा लावली. बंद.

खराब डिस्कमुळे असं होतं कधीकधी. मी स्वतःला तेच सांगितलं.

मग आवाज आला...

टक. टक टक.

मरायला टेकलेली डिस्क वाजते, ते मी हजारदा ऐकलंय. ती एका लयीत वाजते. ही तशी वाजत नव्हती. जोरात वाजायची. थांबायची. कुणी ऐकतंय का बघितल्यासारखी. मग पुन्हा जोरात, घाईघाईने.

"बंद करा ते," रोहेलिओ म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "हातोडा आहे का? द्या इकडे."

"घाई तुझ्या आईला आहे. तुला कसली घाई?"

त्याने हात घातला. मी वायर उपटली आणि डिस्क हातात घेतली.

"माझ्या टेबलावरच्या वस्तूला हात लावायचा नाही. बाहेर काढीन."

दोन्या सेवेरिनांनी घड्याळाकडे पाहिलं. "आता घरी पोचणं होत नाही. इथेच मांडते."

त्यांनी गाठोडं सोडलं. मेलेल्याच्या नावाने भाजतात ते रंगवलेल्या तोंडाचं पावाचं बाळ काढलं, ऊस काढला, पेल्यात पाणी ओतलं. सगळं त्या उघड्या डब्याशेजारी मांडलं.

"मावशी, पाणी लांब ठेवा," मी ओरडले.

"तहानलेला येतो गं तो."

मी पेला डब्यापासून वीतभर सरकवला.

चर्चची घंटा वाजायला लागली. विल्मरच्या डब्यात त्या वेळी एकही डिस्क नव्हती. माझीही मी काढून ठेवली होती. हे पुन्हा सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

माझ्या तळहातावर काहीतरी हललं...

टक.

डिस्कला वायर नव्हती. वीज नव्हती. तरी ती गरम होत होती.

डब्याचा पंखा फिरायला लागला. बटणाला कुणी हात लावला नव्हता. स्क्रीन उजळली. या वेळी ती ओळ आली नाही...

फोटो आला.

बंद खोली. जमिनीवर शेगडी, निखारे लाल. कोपऱ्यात तारीख, तेवीस जून, सान हुआनची रात्र, आमच्याकडची वर्षातली सगळ्यात थंड. विल्मर कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा होता. मूठ वर उचललेली. समोर दार.

टक टक टक, माझ्या हातात.

दोन्या सेवेरिना स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या.

"रोहेलिओ. तू म्हणालास तो झोपेत गेला."

तो एक पाऊल मागे सरकला.

"त्या खोलीची कडी बाहेरून आहे ना?"

"भांडण झालं होतं आई. त्याचं डोकं शांत व्हावं म्हणून लावली. सकाळी उघडणारच होतो. मला आवाज नाही आला. खरंच नाही आला."

टक टक टक टक.

"आता येतोय?" त्यांनी विचारलं.

रोहेलिओ मागच्या मागे दुकानाबाहेर गेला.

"हाच फोटो छाप," दोन्या सेवेरिना मला म्हणाल्या.

"मावशी, यात चेहरा नाही."

"असू दे. ज्याने बघायचं त्याला कळेल."

मी छापला. कागद बाहेर आला आणि स्क्रीन काळी झाली. ते मशीन पुन्हा कधीच चालू झालं नाही. डिस्क न्यायला त्यांनी नकार दिला. मी ती ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं.

आम्ही चौकीत गेलो. तिथला साहेब तोंडातला घास न संपवता म्हणाला, "पाठ दाखवून काय सिद्ध होतं? आणि ती डिस्क लावली कुठे होती?" माझ्या हातात होती म्हटलं. तो हसला. त्याचं ते हसणं आठवलं की अजून माझ्या हाताच्या मुठी वळतात.

तीन वर्षं टेबल मांडलं. तिन्ही वर्षं दोन्या सेवेरिनांनी रोहेलिओला त्या फोटोसमोर बसवलं. बारा ते बारा, उठू दिलं नाही. तिन्ही वर्षं त्याच वेळी माझा ड्रॉवर वाजला. तीन टेबलं झाली की आत्मा कायमचा जातो म्हणतात.

हे चौथं वर्ष. एक नोव्हेंबर कधीच होऊन गेला. आणि परवा, साध्या मंगळवारी, ड्रॉवर वाजायला लागला...

मान वर केली तर दारात रोहेलिओ. वाळून काडी झालेला.

"निल्दा ताई," तो म्हणाला, "आता रोज येतो आवाज. गाडीत येतो, उशीत येतो. बंद करता येईल का?"

"नाही," मी म्हटलं. "इथे दुरुस्त होणारी वस्तू नाही ती."

तो गेला. टकटक त्याच्या पाठोपाठ दूर गेली आणि थांबली. मी कुलूप काढलं.

ड्रॉवर रिकामा होता...

किल्ली एकच आहे आणि ती माझ्या गळ्यात असते. राग माझा अजून गेलेला नाही. पण तेव्हापासून मी दुकानाचं दार आतून बंद करत नाही. थंडी कितीही असो, उघडंच ठेवते. कुणाला ते ठोठवावं लागू नये.